क्लाइडकाकांचा डावा हात

मी उत्तर नागपूरची. बाबा दिवसभर गिरणीत अन् संध्याकाळी वस्तीत भीमगीतं गायचे, मागून आम्ही पोरी कोरस धरायचो. बाबा गेले तसं माझं गाणंही गेलं. फिजिओथेरपिस्ट झाले, लग्न करून इथं अमेरिकेत, श्रूजबरीला आले, परीक्षा दिल्या, नोकरी लागली. मी गायचे हे इथं कुणाला माहीत नव्हतं, माझ्या लेकीलासुद्धा.

आता क्लाइडकाकांचं सांगते. काय सांगू तुम्हाला, असा पेशंट मी पाहिला नाही. काळे गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे, मिसिसिपीत कापसाच्या शेतावर जन्मलेले, उभं आयुष्य शिकागोच्या क्लबांत ब्लूज गिटार वाजवत काढलेलं, म्हातारपणी लेकीकडे राहायला आले अन् स्ट्रोक आला. डावा खांदा हलायचा, कोपर हलायचं, पण बोटं नाही. चेंडू दाबा म्हटलं की भिंतीकडे पाहून राहायचे. म्हणे, हा हात तारा दाबायचा, चेंडू दाबून काय करू.

मी त्यांच्या लेकीला म्हटलं, गिटार आणा. ती म्हणे, नको, खचतील ते. पण आणली. बोटं तारांवरून नुसती घसरली अन् काका रडले, माझ्यासमोर, हमसून हमसून. मग डोळे पुसून म्हणाले, माझा मोठा भाऊ करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून फिरवायचा, त्यात दाबावं लागत नाही. पण ती त्याची रीत होती, तो गेल्यावरही मी कधी शिवलो नाही.

मी म्हटलं, आता शिवा नं, काका.

पुढच्या वेळी लेक नळी घेऊन आली. गिटार मांडीवर आडवी ठेवली, नळी करंगळीत बसवली, मनगट मी धरलं. अन् तो सूर, बापा! माणूस हुंदका गिळतो नं, तसा. ऐकता ऐकता माझ्या तोंडून बाबांचं एक गाणं निघालं, इतक्या वर्षांनी, अन् काका माझ्यामागे वाजवत आले, चुकत, थांबत, पण आले.

म्हणाले, कशाबद्दल आहे हे? मी म्हटलं, पाण्याबद्दल. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते.

 काका म्हणाले, आमच्या गावात नळ दोन होते, एक गोऱ्यांचा, एक आमचा.

यंदाच्या भीमजयंतीला इथल्या आपल्या लोकांनी घेतलेल्या हॉलमध्ये मी गायले अन् त्यांनी साथ केली. कॉलेजची पोरं आता त्यांच्याकडे शिकायला येतात, त्यांना ते म्हणतात, आधी गा, मग गिटारला हात लावा. इन्शुरन्सनं थेरपी बंद केली, म्हणून सुटीच्या दिवशी मीच त्यांच्या घरी जाते. बोटं हलली नाहीत, आता हलणारही नाहीत, त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. आयुष्य लाभो त्यांना. खूप गाणी शिकवायची राहिलीत मला त्यांना.