तिन्ही बाजू माहीत आहेत ना?

...हसा, हसा! कोपरा तुमच्या घरातला नाही ना! तुम्हाला सांगतो, गणिताचा मास्तर म्हणून अख्खी नोकरी मी एकच वाक्य ओरडलो, "तिन्ही बाजू माहीत आहेत ना? मग कोन काढा!" आणि घरात मला बूड टेकायला जागा नाही, पेपर तपासायचे ते इस्त्रीच्या टेबलावर... म्हणून म्हटलं, बेडरूमच्या वाकड्या कोपऱ्यात तिकोनी ग्रॅनाइट बसवू, माझं स्वतःचं टेबल! बायको म्हणाली, "नीट बसलं तर तुमचं, नाहीतर तिथे वॉशिंग मशीन."

दगडवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "सर, बाजूंबरोबर कोनही सांगा, आणि कापलेला दगड परत घेत नाही हं!" आता तो कोपरा बिल्डरने बहुतेक शिंकताना बांधलाय, त्याचा कोन मी काय सांगू? बायको लगेच, "अहो, तिन्ही बाजू माहीत आहेत ना? मग कोन काढा!" माझंच वाक्य, माझ्याच घरात!

टेपचं दुसरं टोक धरायला कोण? सासूबाई! एक भिंत नव्वद सेंटिमीटर, दुसरी एकशेवीस, समोरची कड दोनशेतीस. लावला कोसाइनचा नियम... दोन भिंतींचे वर्ग, वजा कडेचा वर्ग, भागिले भिंतींच्या गुणाकाराची दुप्पट... कॅल्क्युलेटर म्हणतो, एरर! पुन्हा केलं, एरर! घाम फुटला हो! मग डोक्यात उजेड पडला, दोन भिंती मिळून दोनशेदहा आणि कड एकटीच दोनशेतीस? असा त्रिकोण ब्रह्मदेवाच्या बापाला तरी जमेल का? वळून बघतो तर सासूबाई टेपसकट दारात! "जावईबापू, मालिका लागली होती, जरा सरकले."

पुन्हा मोजलं, एकशेसत्तर. कोन निघाला एकशेसात अंश नि वर थोडं. उरलेले दोनही काढले, बेरीज बरोब्बर एकशेऐंशी! खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

दगड आला. कोपऱ्यात असा बसला, असा बसला, केसाचीही फट नाही! फक्त... पालथा. चकचकीत बाजू खाली, खडबडीत वर. सरळ ठेवला की नव्वदची बाजू जाते एकशेवीसच्या भिंतीला! नव्वदची भिंत डावी की उजवी, हे मी दगडवाल्याला सांगितलंच नव्हतं... पण सूत्रात डावं-उजवं असतं कुठे हो?

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तिन्ही बाजू माहीत होत्या ना? मग हे काय काढलंत?"

बायको मात्र शब्दाची पक्की. म्हणाली, "बसलं ना? मग तुमचं."

आता वर पेपर ठेवला की पेन आरपार जातं. म्हणून मी टेबलाखाली बसतो. वर बघितलं की चकचकीत दगडात माझंच तोंड दिसतं... पण निवांत आहे हो, तिथे मला कोणी शोधत नाही.