सोमवारची आंघोळ

सावेडीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही तिघी डोळे मिटून बसलो होतो. शेजारच्या दोघींची तोंडं मात्र चालू होती.

"लीनाताई, तुमच्या घरात साप हाय म्हनं?"

"कॉर्न स्नेक. बिनविषारी असतो हो, विमलबाई. आमच्या ईरानं रीतसर नोंद करून अंडं आणलं आणि दोन महिने पेटीत उबवलं."

"तुमच्या घरात अंडं? माझ्या कालवनाच्या वासानं खिडकी लावून घेता की!"

"हो ना. कोंबडीचं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. पहिलं आलं ते सापाचं."

"आन् खातो काय त्यो?"

"उंदराची पिल्लं. बर्फात गोठवलेली मिळतात. फ्रीज मात्र मी वेगळा घ्यायला लावला."

"बरं केलं बाई."

"पण तीन आठवडे त्यानं कशाला तोंडच लावलं नाही. पेन्सिलीएवढा जीव, तोही वाळत चालला. ईरा नुसती रडायची. शेवटी ती कॉलेजला गेल्यावर मीच चिमटा हातात घेतला. सोमवार होता."

"तुमचा तर उपास आसतो!"

"माझा असतो, त्याचा नाही ना. पिल्लू कोमट पाण्यात ठेवलं, त्याच्यापुढं हळूच हलवलं आणि म्हटलं, खा रे बाळा."

"खाल्लं?"

"शेपटीसकट!"

"आन् तुमी?"

"मी तडक डोक्यावरून आंघोळ केली."

"आता ईराच चारती आसंल?"

"छे, तिच्या हातून घेतच नाही. आता सोमवारी मी आंघोळच त्याचं जेवण झाल्यावर करते."