एका वचनावर पाच आठवडे

आदरणीय पाळकसाहेब, राहेलबाईंचे कुटुंबीय, आणि जिंतूरच्या या लहानशा ख्रिस्तमंदिरात दाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवली. शब्द कधी अपुरे पडले नाहीत. आज पडत आहेत. सावकाश बोलतो, सांभाळून घ्यावे.

हे मंदिर राहेलबाई झाडत असत, हे आपण जाणता. त्यांना अक्षरओळख नव्हती, हेही जाणता. मात्र दर सोमवारी झाडलोट आटोपून त्या माझ्या ओसरीवर येत आणि म्हणत, "गुरुजी, शास्त्रातलं एक वचन वाचा." एकच. मी दुसरे वाचू लागलो की हात वर करत. "बास! पोटात मावंल तेवढंच."

त्यांचे "न्हाई" मी दर वेळी दुरुस्त करी. त्या हसून म्हणत, "देवाला कळतंय ना? मग तुमाला काय तरास हाय?"

तीन वर्षांपूर्वी मी क्षमेविषयीचे एक वचन वाचले, आणि राहेलबाई येईनाशा झाल्या. एक सोमवार गेला. दुसरा गेला. पाच सोमवार गेले. मला वाटले, बाईंचा उत्साह ओसरला. मंडळीचा नेमलेला वडील या नात्याने समज द्यावी, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. होय, समज द्यायला!

"वचन पाठ झाले नाही का?" मी विचारले.

"पाठ तर त्याच दिशी झालं, गुरुजी. करायचं ऱ्हायलंय."

काय करायचे राहिले होते? भिंतीपलीकडे त्यांच्या धाकट्या जाऊबाई राहतात. बोअरच्या पाण्यावरून दोघींत बारा वर्षांचा अबोला. राहेलबाई रोज संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसत होत्या. रोज दार लागत होते. रोज त्या उठून घरी येत होत्या. मला म्हणाल्या, "ह्ये आत जाईस्तोवर पुढलं ऐकून काय करू? नुसतं वरून वाहून जायचं."

सहाव्या आठवड्यात आतून आवाज आला, "रोज बसायलीच, तर च्या तरी पी. साखर चालती का?" त्या जाऊबाई, आपल्या मार्थाबाई, आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

बंधुभगिनींनो, मी थक्क झालो. आजही आहे. शास्त्र आरंभापासून अखेरपर्यंत मी कितीदा वाचले! मला वाटे, माझी वाढ पूर्ण झाली. आता इतरांना वाढवायचे. आणि इथे पंचाहत्तरी ओलांडलेली एक स्त्री एकाच वचनापुढे आपले अंतःकरण उघडे ठेवून बसली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढत होती. मनुष्य त्या वयातही वाढतो? वाढतो. मी पाहिले आहे.

मग एका सोमवारी त्यांनीच मला विचारले, "गुरुजी, लेकीकडं कवा जाता?"

माझी मुलगी पाथरीला असते. तिने माझ्या मनाविरुद्ध विवाह केला, आणि मी तिचे नाव टाकले. ते वचन वाचून दाखवणारा मीच होतो. माझ्यात मात्र ते शिरलेच नव्हते. तो प्रश्न मी दोन वर्षे टाळला.

गेल्या महिन्यात गेलो. मुलीने दार उघडले, मला पाहिले. "बाबा, आता कशाला?" एवढेच म्हणाली आणि दार लावून घेतले. मी मिळेल त्या एसटीने परतलो. राहेलबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "जाऊन आलो. विषय संपला."

त्यांना हसताना धाप लागली. "एकाच हेलपाट्यात? लय नाजूक बघा तुमी, गुरुजी!"

गुरुवारी पहाटे त्या प्रभूकडे गेल्या.

उद्या सकाळी मी पुन्हा पाथरीला निघणार आहे. गरज पडली तर परवाही. हे आपणा सर्वांसमोर बोलतो आहे, कारण मनातल्या मनात ठरवले, तर मी माघार घेईन. मी स्वतःला ओळखतो.

आता सर्वांनी कृपया उभे राहावे. दोन मिनिटे शांतपणे प्रार्थना करू. राहेलबाईंकरिता काही मागण्याची आवश्यकता नाही. ज्याच्याकडे त्या गेल्या, तो त्यांना ओळखतो.

माझ्याकरिता मागा.