एकतिसावी चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय आनंदराजजी सूर्यवंशी, व्यासपीठावरील कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, ज्यांच्या सेवापूर्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते प्रज्ञासेतू विद्यालयाचे मुख्याध्यापक श्री. शंकरप्पा बिडवे, त्यांच्या सौभाग्यवती गौरम्मावहिनी, शिक्षकवृंद, पालक, आणि सातव्या रांगेत बसलेले कंधारचे श्री. महांतेश व सौ. दामिनीताई,

आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

शेवटची दोन नावे कार्यक्रमपत्रिकेत नाहीत. ती मी घेतली, कारण आजचे माझे भाषण मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिलीच आहे. नांदेडला अठ्ठावीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले, निवृत्तीनंतर मुलाकडे लातूरला आलो, आणि नऊ वर्षांपूर्वी शंकरप्पांच्या आग्रहावरून या शाळेच्या प्रवेश समितीवर बसलो. ओळखीत ‘निःस्पृह’ असा एक शब्द आला. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

सत्कारमूर्तींविषयी जे चांगले आहे ते आधी सांगतो, कारण ते खरे आहे. शंकरप्पा या शाळेत आले तेव्हा पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांच्या लेकराची मुलाखत होत असे. वडिलांचे शिक्षण विचारीत. आईला इंग्रजी येते का, हे तिला खुर्चीवर बसवण्याआधीच पाहत. शंकरप्पांनी ते सारे बंद केले. संस्थेतल्या बड्या मंडळींशी भांडून बंद केले. ते मला म्हणाले होते, “सर, लेकराची परीक्षा घ्यायची नाही, आईबापाची तर मुळीच नाही. असा नियम लिहून द्या की मलाही तो मोडता येऊ नये.” इतकी उंच मागणी मी दुसऱ्या कोणा मुख्याध्यापकाच्या तोंडून ऐकलेली नाही.

मी नियम लिहिला. जागा चाळीस. अर्ज करणाऱ्या कुटुंबातील आई किंवा वडील, कोणीतरी एक, मुलासह वर्षभर शहरात राहिलेले असावे. सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या तांब्याच्या घागरीत, सर्वांसमोर. पाहुण्याने चिठ्ठी काढायची, मुख्याध्यापकांनी ती उघडून वाचायची, समितीच्या सदस्याने तीच चिठ्ठी स्वतः वाचून सही करायची, आणि मग ती सभागृहाकडे धरून दाखवायची. चिठ्ठ्या वर्षभर लिफाफ्यात जपायच्या. तो सही करणारा सदस्य पहिल्या वर्षापासून मीच आहे.

या चाळीस जागांसाठी लोक काय करतात, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून खरे वाटणार नाही. यंदा चारशे बारा अर्ज होते. महांतेश यांचे कंधारला बांगड्या-कटलरीचे दुकान आहे. ते सोडून येणे शक्य नव्हते. म्हणून दामिनीताई मुलीला, शिवलीलाला, घेऊन वर्षभर औसा रस्त्यालगत पत्र्याच्या एका खोलीत राहिल्या. आठ दिवसांनी नळाला पाणी आणि आठ दिवसांनीच नवऱ्याचे तोंड. शनिवारच्या गाडीने महांतेश येत आणि सोमवारी पहाटे परत जात. ते नांदेडला माझे विद्यार्थी होते. खोली घेण्याआधी ते मला विचारायला आले. “सर, तिथं कुणाची ओळख लागते का? खरं सांगा, म्हणजे वरीस वाया जायचं न्हाई.”

मी म्हणालो, “कोणाच्या पाया पडावे लागत नाही. घागरीला ओळख कळत नाही.”

ते वाक्य मला त्या वेळी आवडले होते.

आता मार्च महिन्यातल्या सोडतीकडे येतो. त्याच सोडतीत माझ्या नातीचे, आरतीचे, नाव होते. मुलाने अर्ज केला तेव्हा मी एवढेच म्हणालो की निघाली तर निघाली. तीस चिठ्ठ्या रीतसर निघाल्या. एकतिसावी शंकरप्पांनी उघडली आणि वाचली: आरती आदिनाथ. नियमाप्रमाणे ती चिठ्ठी माझ्या हातात यायला हवी होती. मी हात मागे घेतला. उभा राहून म्हणालो, “हे माझ्या घरचे नाव आहे. या चिठ्ठीला मी स्पर्श करणार नाही, सहीही करणार नाही.” आपल्यापैकी बरेच जण त्या दिवशी इथे होते. आपण टाळ्या वाजवल्या होत्या. शंकरप्पांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती लिफाफ्यात टाकली. बत्तिसाव्या चिठ्ठीपासून माझी सही पुन्हा सुरू झाली.

माझ्याऐवजी सही कोणी करावी, हे मी नियमात लिहिलेलेच नव्हते. सदस्याने आपल्या घरच्या नावापासून दूर राहावे, एवढे मला सुचले. दूर राहिल्यावर तिथे कोण उभे राहील, हे सुचले नाही.

दोन दिवसांनी दामिनीताई माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, चाळीसातल्या एकुणचाळीस चिठ्ठ्या आमाला दाखवल्या. एक न्हाई दाखवली. ती तुमच्या घरची होती. मी तिसऱ्या रांगेत होते. बिडवे सरांचा हात थरथरून राहिला होता.”

मी काय केले? मी त्यांना तर्कशास्त्र शिकवले. म्हणालो, चिठ्ठी दाखवली नाही यावरून चिठ्ठीवर दुसरे नाव होते असे निष्पन्न होत नाही. हाताच्या थरथरण्याला साठीतल्या माणसात अनेक कारणे असतात. चारशे बारांत तीनशे बाहत्तर लेकरांचे नाव निघणार नाही, हे आधीच ठरलेले असते. निराशा हा पुरावा नव्हे. हे मी शांतपणे बोललो, आणि आज मला त्या शांतपणाचीच अधिक लाज वाटते. त्या म्हणाल्या, “बरं सर. पोरीचं नशीब म्हणायचं.” मी मान डोलावली. आठवड्याभरात खोली रिकामी करून त्या कंधारला गेल्या.

अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहत आहेत. मला पंधरा मिनिटे दिलेली आहेत, आणि मी त्यांच्या आत राहीन. ध्वनिक्षेपकाजवळ बसलेल्या सद्गृहस्थांनीही तसदी घेऊ नये. तो बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवण्याची मला सवय आहे.

गेल्या मंगळवारी मी शाळेच्या कार्यालयात गेलो. कशासाठी? आजचे हे भाषण लिहिण्यासाठी. शंकरप्पांच्या काळातल्या सोडतींतून किती गावांची, किती प्रकारच्या घरांची मुले आत आली, याची यादी करून ती आपल्यासमोर वाचावी, असा माझा विचार होता. स्तुतीलाही आधार असावा, असे मी मानतो. लिपिकाने यंदाचे दोन लिफाफे दिले, एक निघालेल्या चिठ्ठ्यांचा आणि एक उरलेल्यांचा. पहिल्या लिफाफ्यात चाळीस चिठ्ठ्या होत्या. एकोणचाळीसांवर माझी सही होती. चाळिसावी, सही नसलेली, मी उघडली. तिच्यावर लिहिले होते: शिवलीला महांतेश, कंधार. माझ्या नातीची चिठ्ठी उरलेल्यांच्या लिफाफ्यात होती. तिथेच ती असायला हवी होती, कारण ती कधी निघालीच नव्हती.

त्याच सायंकाळी मी शंकरप्पांच्या घरी गेलो. दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. गौरम्मावहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आधी चहा घ्या, मग भांडा. रिकाम्या पोटी तुमचं बोलणं लई लागतं.” मी चहा घेतला. शंकरप्पांनी काही नाकारले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

ते म्हणाले, “सर, तीस वर्षं झाली आपल्या ओळखीला. माझ्या पोराला तुम्ही घरी बसवून शिकवलं. तुमच्यासाठी काही करावं असा एकच प्रसंग आला. तुमची नात दुसऱ्या शाळेत गेलेली बरी दिसली असती का?”

मी विचारले, “आणि आरतीची चिठ्ठी पुढे खरोखर निघाली असती तर?”

“निघाली न्हाई न.”

“शंकरप्पा, मी सही करायला हात पुढे केला असता तर?”

यावर ते हसले. खरेच हसले, आणि मायेने हसले. “तुम्ही? घरचं नाव निघाल्यावर? सर, मी तुम्हाला आजचा ओळखतो का?”

सभाजन हो, या एका उत्तरासाठी मी आज इथे उभा आहे. जगात फसवणूक होते ती बहुधा माणसाच्या लोभाला हाताशी धरून. शंकरप्पा, तुम्ही माझा लोभ ओळखून मला फसवले असते, तर मी स्वतःलाच दोष देऊन गप्प बसलो असतो. तुम्ही माझा संकोच हाताशी धरलात. मी जिथे सर्वांत काटेकोर असतो, नेमकी ती जागा तुम्ही निवडलीत. आणि मला टाळ्या मिळवून दिल्यात; माझ्या ओळखीतला ‘निःस्पृह’ हा शब्द त्याच टाळ्यांतून आलेला आहे. त्या टाळ्यांच्या आड एका लेकराचे नाव गिळले गेले, आणि मी ते उभा राहून, मान ताठ ठेवून पाहिले. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचे साधन मानलेले आहे. वर्षानुवर्षे मी ते शिकवले. उदाहरण देताना माझ्या डोळ्यांसमोर तुमचाच चेहरा असे.

घरीही विचारले. मुलगा म्हणाला, “अप्पा, मी काय लाच दिली न्हाई. सरांना नुस्तं म्हणलो, जरा बघा म्हणून.” आपल्याकडे हे ‘जरा बघा’ किती सहज म्हटले जाते! तलाठ्याला म्हणतो, डॉक्टरला म्हणतो, देवळात पुजाऱ्यालाही म्हणतो. मुलाला त्यात काही गैर वाटले नाही. त्याला वाढवले कोणी, हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि तो मी टाळत नाही.

सून वर्षाराणीने मात्र वेगळेच विचारले. “अप्पा, आरतीनं काय केलं? तिच्या मैत्रिणी झाल्यात. बाईंनी तिला वर्गात घंटा वाजवायचं काम दिलंय. तिला काय सांगू?” तिने काही केले नाही, हे खरे आहे. शिवलीलानेही काही केले नव्हते. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीनेच आरतीचे नाव काढून घेण्याचा अर्ज लिहिला आणि नवऱ्यासमोर ठेवला. म्हणाली, “करा सही. रोज फाटकात मला ती बाई उभी दिसंल.” त्याने केली. तो अर्ज आज सकाळी अकरा वाजता कार्यालयात दाखल झाला आहे.

मी परवा कंधारला गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून ते जाईपर्यंत बाहेर थांबलो. सारे सांगितले. महांतेश काउंटर धरून उभे राहिले. दामिनीताईंनी विचारले, “सर, तवा तुमी मान डोलावली होती. पोरीचं नशीब म्हणून. त्ये नशीब कुणाच्या खिशात होतं, ते आधी का न्हाई बघितलं?” मी म्हणालो, बघायला हवे होते. मी त्यांना आजच्या समारंभाला बोलावले. त्या म्हणाल्या, “सगळ्यांपुढं सांगणार असाल तर येते. साहेबाच्या खोलीत दार लावून सांगणार असाल, तर आमाला दुकान हाय.”

शंकरप्पांनी काल निरोप पाठवला होता की प्रकृतीचे कारण सांगून मी आज बोलू नये. माझी प्रकृती उत्तम आहे.

आता निर्णयाचे सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज राहणार नाही. समितीची बैठक आज दुपारी झाली. शिवलीलाला जागा द्यावी असा ठराव आम्ही केलेला नाही. तसा ठराव करण्याचा आम्हाला अधिकार नाही, कारण ती जागा मार्चपासून तिचीच आहे. प्रवेश नोंदवहीत तेवढी दुरुस्ती झाली असून तिच्यावर समितीच्या इतर सदस्यांच्या सह्या आहेत. माझी नाही. मी समितीचा राजीनामा दिला आहे. दामिनीताई मुलीला इथे पाठवतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मला सांगितलेले नाही, आणि कोणी त्यांना आज फाटकापाशी गाठून विचारू नये, ही माझी विनंती आहे. जिथे आपले नाव गिळले गेले तिथे लेकराला पाठवावे की नाही, हे ठरवायला त्यांना हवा तितका वेळ आहे. जागा तोवर रिकामी राहील. रिकामे बाक पाहायची आपल्याला सवय नाही, ती करून घ्यावी.

शंकरप्पा, तुम्ही ज्या हजारो मुलांना नावानिशी ओळखता, त्यांच्यातर्फे तुम्हाला मिळणारे आजचे मानपत्र तुम्ही अवश्य स्वीकारा. त्यातली बरीच वाक्ये खरी आहेत. ती मीच लिहिली होती, मंगळवारच्या आधी. खाली माझे नाव छापले आहे, ते तेवढे खोडावे. तुमचे पुढील आयुष्य आरोग्याचे जावो. माझ्या घरी मात्र आता येऊ नका.

संयोजकांनी मला बोलण्याची संधी दिली, आणि अध्यक्षांनी मनात असूनही मला थांबवले नाही, याबद्दल दोघांचे आभार. समारंभाच्या आनंदात माझ्या शब्दांमुळे उणेपणा आला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने तो पोटात घालावा.

दामिनीताई, आपल्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. ती मागितली, तर देण्याचे ओझे पुन्हा आपल्यावरच पडेल. मला फक्त माझे मार्चमधले उत्तर मागे घ्यायचे आहे, आणि तेही ज्या सभागृहात ती चिठ्ठी निघाली त्याच सभागृहात. तिसऱ्या रांगेत बसून आपण जे पाहिले होते, ते बरोबर पाहिले होते.