घराणं कोणतं?

त्या दिवशी अल्लीपुरात असं ऊन होतं का ओसरीतली खाटही बसू देत नव्हती. अन् अशात आमच्या सुमनले पाहाले पिपरीचा पोरगा आलता. नागपूरच्या कॉलेजात संशोधन करे.

मी विचारलं, "तुमचं काम काय जी?"

"एका घराण्याचा अभ्यास करतो, काकाजी."

"कोणतं घराणं? आपल्यातलंच का?"

"नाही, प्रथिनांचं. दह्याच्या जंतूंत असतं, खमिरात असतं."

घ्या! मी म्हटलं, "बरं. पोरगी पसंत हाय का?"

"म्हणजे काकाजी, हे प्रथिन जंतूचं काम अडवून बसतं. साखर मिळाली की उठतं, मग काम सुरू."

पुन्हा विचारलं, तर पुन्हा जंतूच. दाराआड सुमन उभी, तिची माय पदर चावून राह्यली, अन् हा ना हो म्हणे ना नाई. सुमनच्या हातच्या चहाचाही एक घोट घेऊन कप ठेवून देल्ला. मी गरीब माणूस, पण माह्यंही डोकं तापलं.

शेजारचे नत्थूभाऊ आपला चहा चाखून हसले, "बापूराव, त्याच्यावर काऊन चिडता? पोरगी साखरच टाकाले विसरली. साखर टाका आधी, मंग पाहा त्याच्या जिभेवरचं घराणं कसं उठते!"