चाखणाऱ्याची सही

दवाखान्याच्या बाकावर शेजारी-शेजारी बसून दोघे बोलत होते. एक बिअरच्या कारखान्यात चव तपासणारा, दुसरा त्याचा मेहुणा.

"भाऊजी, कारखाना परदेशी कंपनीने घेतला, तरी बाटलीवर नाव आपलंच आहे ना?"

"नाव आपलंच. आत काय आहे ते विचार."

"तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं."

"अरे, ते म्हणतात, बर्फासारखी गार करूनच चाखा."

"त्यांच्याकडे तशीच पीत असतील."

"जीभ बधिर झाल्यावर चव काय कळणार, कपाळ? मी तासभर बाहेर ठेवून चाखली."

"मग?"

"निव्वळ पाणचट! माल पास केल्याची सही केली नाही."

"झकास! पण मग दवाखान्यात कशाला आलोय?"

"साहेबांनी जीभ तपासायला पाठवलंय. बिघडली म्हणून दाखला मिळाला, की माझ्या जागी दुसरा."

"आणि हे डॉक्टर कोणाचे?"

"कंपनीचेच."