आई कुठे उभी आहे?

मुलगी : आता डोळे मिटा बाबा, आणि बोटाने दाखवा. आई कुठे उभी राहून गातेय?

बाबा : तुझी आई स्वयंपाकघरात आहे.

मुलगी : रेकॉर्डिंगमधली हो!

बाबा : हां, ती होय. ती... डावीकडे. नाही, थांब, मागे. अगं, छताजवळसुद्धा आहे! हीच तर आपल्या साउंड सिस्टीमची खासियत. पाहुणे तोंडात बोट घालतात. आवाज कुठून येतो ते कळतच नाही!

मुलगी : तेच तर कळायला हवं. गाण्याच्या तालमीत मी स्वतः रेकॉर्ड केलंय. आई मधोमध उभी होती, बाकीच्या बायका दोन्हीकडे. डोळे मिटले की ती इथे, समोर दिसायला हवी.

आई : (आतून) पुरे करा ते! आठवडाभर तेच ऐकतेय. आवाज गेलाय माझा. आज तालमीला गेले की गाण्याच्या बाईंना सांगूनच टाकते, माझी एकटीची ओळ दुसरीला द्या म्हणून.

बाबा : बघ. समजावून थकलो मी. पण खरं सांगू? मलाही जरा पोकळच वाटतो गं. विहिरीतून आल्यासारखा.

आई : ऐकू येतंय मला!

मुलगी : बाबा, या वायरी कोणी जोडल्या?

बाबा : मीच. मेकॅनिक कशाला लागतो एवढ्याशा कामाला?

मुलगी : या स्पीकरला लाल वायर लाल खुणेवरच लावलीय. आणि त्या दुसऱ्याला?

बाबा : तिथली वायर अख्खी पांढरी होती. अंदाजाने लावली. आवाज तर आला ना!

मुलगी : आला, पण उलटी लागलीय. हा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो. मधे जे असेल ते दोघांच्या भांडणात विरून जातं. आणि मधे कोण होतं?

बाबा : अरे देवा. हळू बोल.

आई : काही हळू नको! वायर तुमची उलटी, आणि रडून रडून डोळे माझे सुजले?

बाबा : चुकलो, महाराणी. जोड गं ती लवकर.

मुलगी : जोडली. आई, ये इकडे. इथे मधे बस आणि डोळे मीट.

आई : अगंबाई... ही मी? ही तर समोरच उभी आहे. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतोय.

मुलगी : बाबा, आता दाखवा बोटाने, आई कुठे उभी आहे?

बाबा : ऐकू दे गं.

आई : थांबा. शेवटच्या सुराला मी उतरलेय.

बाबा : छे, कुठे? मला तर एकदम झकास वाटलं!

आई : उतरलेय. मगाशी त्या गोंधळात हे कळलंच नव्हतं. हो ना गं?

मुलगी : हो. जराशी.

आई : बरं झालं कळलं. हे बसवता येईल. माझी पर्स कुठेय? लवकर गेले तर बाई तेवढा सूर घोटून घेतील.

बाबा : म्हणजे ओळ सोडत नाहीस?

आई : सोडते कसली!

बाबा : मग हे बंद करू?

आई : राहू द्या. दारही उघडंच ठेवा. जिना उतरेपर्यंत ऐकत जाते.